शनिवार-रविवारच्या जेवणासाठी एक मेजवानी

न्यूयॉर्क शहरात घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांना १९८१ साली सरकारी पैशातून एक वेळचं जेवण घरपोच मिळत होतं, पण सोमवार ते शुक्रवार. शनिवारी-रविवारी आणि सुटीच्या दिवशी दार वाजत नसे. नाताळ हीसुद्धा सुटीच. वर्तमानपत्रात याची बातमी आली आणि ती गेल ग्रीन यांच्या वाचनात आली. ‘न्यूयॉर्क’ या नियतकालिकासाठी १९६८पासून रेस्टॉरंटांची समीक्षा लिहिणाऱ्या या बाई. शहरातल्या महागड्या ठिकाणी जेवायचं आणि ते कसं होतं ते लिहायचं, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. त्यांनी जेम्स बिअर्ड यांना गाठलं. बिअर्ड म्हणजे अमेरिकी स्वयंपाकाचे त्या काळातले सर्वमान्य गुरुजी. पुस्तकं लिहिलेले, टीव्हीवर झळकलेले, ग्रेनिच व्हिलेजमधल्या आपल्या घरात स्वयंपाकाचे वर्ग चालवणारे. दोघांनी ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे जमवले आणि त्या नाताळात सहा हजार वृद्धांच्या घरी जेवण पोचलं. ‘सिटीमील्स ऑन व्हील्स’ ही संस्था अशी सुरू झाली.

पुढे ती एवढी वाढली की वर्षाला वीस लाखांवर ताटं तिच्या पैशातून जाऊ लागली, आणि रॉकफेलर सेंटरच्या आवारात जून महिन्यात भरणारी तिची मेजवानी शहराच्या उन्हाळ्यातला एक ठरलेला सोहळा झाली. देशभरातले नामांकित शेफ तिथे येतात, श्रीमंत पाहुणे भरभक्कम तिकीट काढून खातात, आणि त्यातून कुठल्याशा पाचव्या मजल्यावरच्या आजींचं रविवारचं जेवण निघतं. ऐकायला हे थोडं खटकतं. मलाही आधी खटकलं होतं. पण रोटरी-लायन्सच्या ‘चॅरिटी डिनर’पासून परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या निधिभोजनापर्यंत आपली माणसंही हाच मार्ग धरतात. तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं टिकलेलं हे एक प्रकरण नीट उलगडून पाहिलेलं बरं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो: ही मेजवानी चालली ती तिच्यातल्या पदार्थांमुळे कमी, आणि तिच्या आधी घेतलेल्या दोन-तीन कोरड्या निर्णयांमुळे जास्त.

पाचच दिवस का?

घरपोच जेवणाची कल्पना मूळची इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांनी घरं गेलेल्या लोकांना स्वयंसेविका गाड्यांतून जेवण पोचवत; युद्धानंतर ती सोय वृद्धांसाठी राहिली. अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फियात तिची सुरुवात झाली. पुढे १९६५च्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’मध्ये १९७२ साली वृद्धांच्या पोषणाची योजना आली आणि १९७८ साली घरपोच जेवणासाठी वेगळी तरतूद झाली. साठी ओलांडलेल्या कोणालाही लाभ, उत्पन्नाचा दाखला नको. स्वखुशीने काही देऊ केलं तर घ्यायचं, पण दिलं नाही म्हणून ताट रोखायचं नाही. चांगला कायदा आहे. त्यात एक शब्दप्रयोग मात्र असा बसला की पुढचं सगळं त्यातून घडलं: आठवड्यातून ‘पाच किंवा अधिक’ दिवस.

कायदा करणाऱ्यांनी पाच हा आकडा किमान म्हणून लिहिला असेल, पण अंमलबजावणीत तो कमाल झाला. स्वयंपाक व्हायचा तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या ज्येष्ठ नागरिक केंद्रांत. तिथले कर्मचारी पाच दिवसांच्या आठवड्याचे, स्वयंपाकघराला शुक्रवारी संध्याकाळी कुलूप. सहावा दिवस उघडायचा तर वेगळा पगार, वेगळा किराणा, आणि त्यासाठी वेगळा पैसा. १९८१ हे तर वॉशिंग्टनमध्ये सामाजिक खर्चाला कात्री लावण्याचं वर्ष. नवा दिवस कोण मंजूर करणार?

आता कॅलेंडर घेऊन बसा. वर्षात बावन्न शनिवार, बावन्न रविवार, आणि वर दहा-बारा सरकारी सुट्या. सगळे मिळून ११५च्या आसपास दिवस होतात. वर्षाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. कागदोपत्री योजना व्यवस्थित चालू होती, आणि तरी तिच्यावर अवलंबून असलेला माणूस तीन दिवसांतला एक दिवस वाऱ्यावर होता.

हे वृद्ध कोण, हेही समजून घ्यायला हवं, कारण आपल्या डोळ्यांसमोर ‘गरीब’ म्हटलं की वेगळं चित्र येतं. न्यूयॉर्कमध्ये जुन्या पाच-सहा मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती भरपूर आहेत. भाडेनियंत्रणामुळे तिथला भाडेकरू तीस-चाळीस वर्षं हलत नाही. पंचेचाळिशीत पाचव्या मजल्यावर राहायला गेलेली बाई पंच्याऐंशीला तिथेच असते. नवरा गेलेला, मैत्रिणी एकेक करून गेलेल्या, मुलं असलीच तर दुसऱ्या राज्यात. गुडघे गेले की जिना संपला, आणि जिना संपला की वाणी, दवाखाना, रस्ता सगळंच संपलं. लाभार्थ्यांमध्ये एकट्या राहणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण मोठं आहे ते उगीच नाही. पैसे असूनही जेवण मिळत नाही, अशीही उदाहरणं यात बसतात. पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांत मुलं अमेरिकेत असलेले आई-वडील ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

यात कुटुंबाचाही प्रश्न आहे. ज्यांची लेक वा सून त्याच शहरात आहे, तिला आठवडाभर नोकरी आणि शनिवार-रविवार आईचा स्वयंपाक, अशी सुटी नसलेली सात दिवसांची पाळी लागते. कायद्याने हे ओळखायला वेळ लावला. देखभाल करणाऱ्या कुटुंबीयांना आधार देणारी स्वतंत्र तरतूद २००० साली आली. त्याआधी घरी येणारा शनिवारचा डबा हाच त्या लेकीला मिळणारा आधार होता. शिवाय डबा देणारा माणूस दारात उभा राहतो, नाव घेऊन हाक मारतो, उत्तर आलं नाही तर केंद्राला कळवतो. शहराच्या दृष्टीने ही रोजची हजेरी जेवणाइतकीच महत्त्वाची आहे.

पहिला पैसा मेजवानीतून आलाच नव्हता

या प्रकरणात लोक हमखास विसरतात ती गोष्ट ही. १९८१ साली कोणतीही मेजवानी झाली नाही. ग्रीन आणि बिअर्ड यांनी फोन केले. रेस्टॉरंटवाले, खाद्यपदार्थांचे व्यापारी, लेखक, स्नेही. जमले ३५ हजार डॉलर. सहा हजार माणसांनी भागा: माणशी सहा डॉलरलाही थोडे कमी.

एवढ्याशा पैशात एवढं कसं झालं, याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. त्यांनी स्वतःचं स्वयंपाकघर उघडलं नाही. गाड्या घेतल्या नाहीत. वृद्धांची यादी करायला माणसं नेमली नाहीत. शहराच्या वृद्धकल्याण विभागाशी बोलणं केलं. जॅनेट सेनर तेव्हा त्या विभागाच्या आयुक्त होत्या आणि संस्थेच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे. विभागाकडे केंद्रं होती, केंद्रांकडे शेगड्या होत्या, पातेली होती, आचारी होते, कोणाला मीठ कमी आणि कोणाला कोशर, म्हणजे ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे केलेलं, जेवण हवं याच्या नोंदी होत्या, आणि पत्ते तर होतेच. नव्हता तो फक्त बंद दिवसाचा खर्च. तेवढाच उचलायचा असं ठरलं. चालू यंत्रणेला एक दिवस जास्त चालवण्याचा खर्च नवी यंत्रणा उभारण्यापेक्षा किती तरी कमी असतो, हे कोणत्याही मेसवाल्या काकूंना ठाऊक आहे. समाजसेवेत उतरलेल्या उत्साही मंडळींना मात्र ते बहुधा दोन वर्षांनी आणि एक टेम्पो विकत घेतल्यावर कळतं.

संस्थेची रचना आजही साधारण तशीच आहे. शहराच्या पाच विभागांतल्या तीसेक केंद्रांना ती पैसा देते, स्वयंपाक आणि वाटप केंद्रं करतात. आठवड्याचे पाच दिवस सरकारचे, बाकीचे संस्थेचे. ही वाटणी इतकी स्वच्छ आहे की देणगीदाराला एका वाक्यात सांगता येते. माझ्या मते मेजवानीचं तिकीट खपवणारी खरी गोष्ट हीच. ‘ज्येष्ठांच्या सर्वांगीण कल्याणासाठी’ असं निमंत्रणपत्रिकेवर छापलं की पाहुणा मान डोलावतो आणि विसरतो. ‘रविवारी यांना जेवण मिळत नाही, ते आम्ही देतो’ म्हटलं की तो विचारतो, एका रविवारला किती लागतात?

समीक्षकानेच पावतीपुस्तक पुढे केलं तर?

आता अवघड भाग. ज्या बाईच्या लेखणीवर रेस्टॉरंटचा गल्ला अवलंबून, तीच फोन करून म्हणते, एका चांगल्या कामासाठी मदत हवी आहे. कोण नाही म्हणेल? आपल्याकडे फौजदारसाहेबांनी उत्सवाची वर्गणी मागितली की दुकानदार जसा हसत हसत खिशात हात घालतो, त्याच जातीची ही परिस्थिती. ग्रीन तर आपला चेहरा रेस्टॉरंटवाल्यांना कळू नये म्हणून मोठ्या हॅटी घालून फिरत, खोट्या नावाने टेबल राखून ठेवत. म्हणजे एका हाताने अनोळखी राहायचं आणि दुसऱ्या हाताने देणगी मागायची.

कोणावर दबाव आला असं मी म्हणत नाही, तसा आधारही माझ्याकडे नाही. मुद्दा रचनेचा आहे. हितसंबंधांचा गुंता असा असतो की त्यातली माणसं सज्जन असली तरी तो असतोच. तो सैल करायचे मार्ग ठरलेले आहेत आणि इथे त्यांतले बरेचसे दिसतात: पैसा व्यक्तीकडे न जाता संस्थेकडे जातो, संस्थेला विश्वस्त मंडळ आहे, खर्च सरकारी विभागाशी जोडलेल्या केंद्रांतून होतो, जमाखर्च सार्वजनिक आहे. बिअर्ड यांचं नाव सोबत असणंही कामी आलं असावं. ते शिक्षक होते, कोणाला तारे देणारे परीक्षक नव्हेत. तरीही आज कोणी नव्याने असं काही उभारत असेल आणि निधी मागणारा माणूस परवाने देणारा, मार्क देणारा किंवा समीक्षा लिहिणारा असेल, तर त्याने पावतीपुस्तकाला हात लावू नये, असंच मी सांगेन. ग्रीन यांचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावेल असं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने ठामपणे सांगायला हवी. २००८ साली नियतकालिकाने त्यांना काढलं. समीक्षकाची ती खुर्ची गेली, पण संस्थेचं काम त्यांनी सोडलं नाही. २०२२च्या नोव्हेंबरात वयाच्या ८८व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा मृत्युलेखांत रेस्टॉरंटांच्या बरोबरीने या जेवणांचाही उल्लेख होता.

मेजवानीचं गणित

बिअर्ड जानेवारी १९८५मध्ये वारले. त्यानंतर, ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून, शेफ मंडळींची ही वार्षिक मेजवानी रॉकफेलर सेंटरला भरू लागली. हिवाळ्यात जिथे लोक बर्फावर स्केटिंग करतात, त्याच खोलगट चौकात आणि त्याच्या भोवती उन्हाळ्यात खाण्याची टेबलं लागतात. बसून जेवण्याची ही पंगत नव्हे. प्रत्येक शेफचा एक ठेला, प्रत्येकाचा एखादा पदार्थ, दोन घासांचा. पाहुणे फिरत फिरत खातात.

ही पद्धत निवडण्यात शहाणपण आहे. बसलेल्या पंगतीत सगळा भार एका आचाऱ्यावर, एका वाढपी चमूवर येतो आणि खर्च संस्थेच्या डोक्यावर. इथे तीस-चाळीस शेफ असले तर प्रत्येकाला आपल्या एका पदार्थापुरतंच पाहायचं असतं. त्यालाही त्यात काही मिळतं: दिवसभर सहकाऱ्यांची गाठ, पाहुण्यांत नाव, वर्तमानपत्रात फोटो. अमेरिकी करकायदा त्याला साहित्याच्या खर्चाची वजावट देतो, स्वतःच्या श्रमाची नाही. म्हणजे करासाठी कोणी येत नाही. पाहुण्याला मात्र एका संध्याकाळी तीस स्वयंपाकघरांची चव मिळते, जी एरवी वर्षभर टेबलं राखूनही मिळाली नसती. देणाऱ्याला ज्याची किंमत थोडी आणि घेणाऱ्याला ज्याचं मोल फार, अशी वस्तू विकायला मिळणं हे निधिसंकलनातलं मोठं भाग्य.

आता पैशाकडे. अमेरिकेत तिकिटाची सगळी रक्कम देणगी धरली जात नाही. पाहुण्याला बदल्यात जे मिळालं त्याची बाजारभावाने किंमत वजा करायची, उरेल ती देणगी. अशी देवघेव ७५ डॉलरच्या वर गेली की संस्थेने हा आकडा पाहुण्याला लेखी कळवणं बंधनकारक आहे. कल्पनेतलं उदाहरण घेऊ. समजा तिकीट ५०० डॉलर, जेवणाची रास्त किंमत १५०. देणगी झाली ३५०. चारशे पाहुणे आले. एकूण जमा दोन लाख. त्यात देणगी एक लाख चाळीस हजार, जेवणाची विक्री साठ हजार. मांडव, रोषणाई, भांडीकुंडी, सुरक्षा वगैरे थेट खर्च ऐंशी हजार.

संस्थांच्या वार्षिक करपत्रकात कार्यक्रमाचा जो तक्ता असतो, त्यात देणगीचा भाग आधी बाजूला काढतात. म्हणून त्या ओळीत दिसेल काय? साठ हजार उत्पन्न, ऐंशी हजार खर्च, वीस हजार तोटा. बघणारा म्हणेल, बघा, मेजवानी बुडाली. खरं तर संस्थेच्या हाती एक लाख वीस हजार आले. उलट चूकही तितकीच सोपी आहे: दुसऱ्या दिवशी ‘दोन लाख जमले’ अशी बातमी द्यायची आणि खर्चाबद्दल गप्प बसायचं. दोन्ही आकडे खरे, दोन्ही फसवे.

याहून लपलेला एक खर्च आहे, तो या तक्त्यात येतच नाही. सहा-आठ महिने कोणीतरी पाहुण्यांच्या याद्या करत असतं, प्रायोजकांच्या मागे लागत असतं, शेफ लोकांची विमानं आणि खोल्या जुळवत असतं. त्यांचे पगार निधिसंकलनाच्या वेगळ्या रकान्यात पडतात. तिकिटाच्या पैशातून कार्यक्रमाचा खर्च वजा केला की निव्वळ निधी, असं जे खजिनदार धरून चालतात, त्यांनी हा पगार मिसळून पुन्हा आकडेमोड करावी. कित्येक छोट्या संस्थांची मेजवानी तिथेच गारद होते. सिटीमील्सला ती परवडते कारण जागा, शेफ, साहित्य यांतलं बरंच काही मदत म्हणून मिळतं आणि प्रायोजक मोठे असतात. हा पाठिंबा नसलेल्या संस्थेने नुसती नक्कल केली तर हॉटेलचं बिल भरण्यापुरता निधी जमेल.

संस्था एक हमी देते: सर्वसामान्य जनतेने दिलेली देणगी शंभर टक्के जेवण तयार करण्यावर आणि पोचवण्यावर खर्च होते, कार्यालयाचा खर्च त्यासाठीच म्हणून दिलेल्या वेगळ्या पैशातून, म्हणजे विश्वस्त, प्रायोजक वगैरेंकडून, भागतो. ही हमी प्रामाणिक आहे आणि तिने विश्वास कमावला आहे. माझी तक्रार तिच्या परिणामाबद्दल आहे. कार्यालयाचा खर्च शून्य झालेला नसतो, तो दुसऱ्या कोणी उचललेला असतो. ज्या संस्थेकडे असे विश्वस्त नाहीत तिच्याकडे मग देणगीदार संशयाने बघू लागतो, की तुमचे पंधरा टक्के ऑफिसवर कसे जातात? हिशेबनीस, याद्या तपासणारी बाई, रविवारी दार उघडलं नाही तर फोन घेणारा माणूस, हे सगळं त्या पंधरा टक्क्यांतच असतं.

मेजवानी न झालेला जून

निधी एका संध्याकाळी येतो, जेवण वर्षभर जातं. ही विसंगती एरवी लपून राहते. संकटात उघडी पडते. २०१२च्या ऑक्टोबरअखेरीस सँडी वादळ आलं, तेव्हा मॅनहॅटनच्या दक्षिण भागातली वीज काही दिवस गेली. लिफ्ट बंद. उंच इमारतींतले वृद्ध अडकले. संस्था हिवाळ्याआधी टिकाऊ खाद्यपदार्थांचे खोके वाटून ठेवते ते अशाच दिवसांसाठी. आणि २००१च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यानंतर रस्ते बंद झाले होते तेव्हाही तातडीचं जेवण पोचवलं गेलं होतं. यासाठी लागणारा पैसा आधीच तिजोरीत असावा लागतो. वादळ आल्यावर मेजवानी भरवता येत नाही.

२०२० हे मात्र वेगळंच वर्ष. मार्चच्या मध्यावर राज्याने पाचशेहून जास्त माणसांच्या जमावावर बंदी घातली, काही दिवसांत रेस्टॉरंटांत बसून जेवणं बंद झालं, ज्येष्ठ नागरिक केंद्रांची एकत्र पंगतही थांबली. म्हणजे केंद्रात चालत येऊन जेवणारे हजारो वृद्ध एका आठवड्यात घरपोच जेवणाच्या रांगेत आले. मागणी कित्येक पटीने वाढली, आणि त्याच आठवड्यात निधी देणारा अख्खा व्यवसाय कोलमडला. ज्यांच्या पदार्थांवर जूनची मेजवानी उभी राहायची, त्या शेफ लोकांची स्वतःचीच स्वयंपाकघरं बंद, कामगार घरी. मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या घराण्यातले शेफ फ्लॉइड कार्डोझ २५ मार्चला कोविडने न्यू जर्सीत गेले. न्यूयॉर्कच्या ‘तबला’ या रेस्टॉरंटमधून त्यांनी भारतीय स्वयंपाकाला त्या शहराच्या वरच्या फळीत नेलं होतं, आणि मुंबईतल्या ‘बॉम्बे कँटीन’मागेही तेच होते. त्या व्यवसायावर काय कोसळलं होतं, हे आपल्याकडे अनेकांना त्या एका बातमीतून कळलं.

त्या जूनमध्ये चौकात गर्दी जमवणं शक्यच नव्हतं. संस्था तगली, जेवणंही गेली. याचं कारण तिचा पैसा एकाच संध्याकाळवर टांगलेला नव्हता. टपालाने येणाऱ्या लहान देणग्या, प्रतिष्ठानांची अनुदानं, मृत्युपत्रांतून येणाऱ्या रकमा, कंपन्या, शहराचा हातभार, असे प्रवाह चार दशकांत तयार झालेले होते. मेजवानीचं मोल मला इथे नेमकं दिसतं. तिचं मोठं काम असतं नव्या माणसाला आत आणणं. एकदा तिकीट काढून आलेला पाहुणा पुढे दरवर्षी नाताळात चेक पाठवतो. पाहुण्यांचे पत्ते आणि त्यांच्याशी नंतर ठेवलेला पत्रव्यवहार जिथे नीट नसतो, तिथे प्रत्येक मेजवानी पहिलीच ठरते.

भरून काढलेली फट

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटी घेतो. १९८१ साली कायद्यात जी फट होती, ती खासगी पैशाने बुजवली. बुजवल्यामुळे ती दिसेनाशी झाली. शनिवार-रविवारचं जेवण हा शहराच्या आणि वॉशिंग्टनच्या अर्थसंकल्पातला प्रश्न होऊ शकला असता. तो श्रीमंत पाहुण्यांच्या सौजन्याचा विषय बनला. चाळीस वर्षांनंतरही आठवड्याचे सात दिवस सरकारचे झालेले नाहीत.

याला उत्तर देणारे म्हणतील, १९८१च्या नाताळात सहा हजार माणसांनी कायदा बदलेपर्यंत थांबायचं होतं का? बरोबर आहे. ऐंशी वर्षांच्या माणसाला धोरणबदलाची वाट पाहायला सांगणं निर्दयपणाचं. पण दोन्ही कामं एकाच वेळी करता येतात, आणि संस्थेकडे तसं करायची ताकद आहे: तिच्या मेजवानीला शहराचे अधिकारी, मोठे उद्योजक, संपादक असे सगळे येतात. सरकारी दाराशी बसलेली संस्था सरकारशी किती भांडेल, हा प्रश्न मात्र राहतोच. ज्या विभागाच्या केंद्रांतून आपलं काम चालतं, त्यालाच कोंडीत पकडणं अवघड. सुरुवातीचा तो हुशार निर्णय, चालू यंत्रणेला जोडून घेण्याचा, त्याची ही दुसरी बाजू. मला विचाराल तर तो सौदा तरीही फायद्याचाच होता.

इथल्या खजिनदारांसाठी थोडं

महाराष्ट्रात असा कार्यक्रम करायचा तर काही गोष्टी वेगळ्या आहेत. संस्था नोंदलेली नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या ४१सी कलमाखाली धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी घेतात ती हीच परवानगी. करसवलतीचं गणितही जसंच्या तसं उचलता येत नाही. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही, आणि दोन हजार रुपयांच्या वर रोखीने दिलेल्या देणगीलाही नाही. आचाऱ्याने दिलेल्या तांदळाची, केटररने माफ केलेल्या बिलाची अशी पावती फाडू नये. तिकिटाच्या बदल्यात जेवण मिळत असेल तर पूर्ण तिकिटाला देणगी म्हणणंही धोक्याचं. जेवणाचं कूपन वेगळं आणि स्वेच्छेची देणगी वेगळी, दोन पावत्या, हा सरळ मार्ग. शिवाय नव्या करपद्धतीत ही वजावटच मिळत नाही आणि पगारदारांपैकी पुष्कळ जण आता त्याच पद्धतीत आहेत. करसवलतीच्या भरवशावर टेबल विकणाऱ्या संस्थांनी आपली निमंत्रणपत्रिका बदलायला घ्यावी, आणि कोणत्या केंद्रात, आठवड्याच्या कोणत्या दिवशी, किती ताटं या पैशातून जाणार हे तिच्या पहिल्या पानावर घालावं.